उशाखालचा विळा

लोखंडाला भूत भिते, ही आपल्याकडची जुनी समजूत. कोणी दारावर घोड्याची नाल ठोकतो, कोणी लोखंडी अंगठी घालतो. ते सोडून देऊ. बाळंतिणीच्या उशाखालचा विळा मात्र सोडून देता येत नाही. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या शेतीवाडीच्या गावात विळा घरोघर सापडेल. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, घरातले देव्हारे गेले. सटवाईचे भय काही घरांत बाळंतिणीच्या खाटेखाली लपून राहिले.

हे भय आले कोठून? पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते, म्हणतात. पूर्वी त्याच सुमारास खरोखर बाळे दगावत. धडधाकट जन्मलेले मूल अंगावर पिणे सोडी, जबडा आवळे, अंग धनुष्यासारखे ताठ होई. आजीबाईंनी दिवस बरोबर मोजले, चोर मात्र भलताच धरला. तो होता धनुर्वात. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात. न उकळलेल्या पात्याने नाळ कापली, वर राख-शेण लावले, की ते बाळाच्या अंगात शिरत. आणि नाळ कापायलाही कित्येक ठिकाणी विळाच असे!

गरोदर मातांना लस आणि दवाखान्यातील बाळंतपणे वाढली, तेव्हा कुठे २०१५ साली भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. जंतू मात्र मातीत आहेतच. म्हणून भगिनींनो, दिवस गेल्याचे कळताच आरोग्य केंद्रात नाव नोंदवा, लस चुकवू नका. बाळाची नाळ स्वच्छ, कोरडी ठेवा; डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तिला काहीही लावू नका.