आज चार सऱ्या



या अंकात खोडव्याच्या निगेबद्दल लिहायचे ठरले होते. ते लिहितोच आहोत, पण सुरुवात चिंचोळी एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवरून करावी लागते आहे.

आपल्या पुष्कळ सभासदांच्या घरचे कोणी ना कोणी चिंचोळीला कंपनीत कामाला आहे. पाळी सुटली की हँडलला डबा अडकवून मोटारसायकली गावाकडे निघतात आणि दुसरी पाळी रानात सुरू होते. अशाच एका घरच्या वहिनी गेल्या हंगामात, जानेवारीत, गट ऑफिसला आल्या. म्हणाल्या, "साहेब, ऊस तुटून तीन दिवस झाले. हे रानात जात्यात आन् बांधावर बसून परत येत्यात. जेवत न्हाईत, बोलत न्हाईत. काल म्हणाले, पाचट पेटवतो आन् रान इकून टाकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी सुटताना त्यांना टपरीवर गाठले. चहा हातात तसाच निवत होता. मोटर जळालेली, सोसायटीची नोटीस, पोरीची फी, आणि वर रान. "कुठनं धरावं सुचंना झालंय साहेब. सगळंच डोळ्यापुढं येतंय, मग काहीच होत न्हाई," असे म्हणत त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. पाहतो तो आमचेच छापील पत्रक! तोडणीनंतर पंधरा दिवसांत करायची चौदा कामे.

आम्हाला ओशाळल्यासारखे झाले. सुरू उसाला आपण नत्र एकदम घालत नाही. लागणीला 10 टक्के, 6 ते 8 आठवड्यांनी 40, 12 ते 16 आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला राहिलेले 40 टक्के. पिकाला पेलेल तेवढेच द्यायचे हे आम्ही वीस वर्षे सांगतो, आणि माणसाच्या हातात चौदा कामे एकाच दिवशी ठेवतो!

पत्रक उलटे केले. खोडवा एक एकर, सरी साडेचार फुटी, लांबी दोनशे फूट; म्हणजे 48 सऱ्या. मागे लिहिले, "आज 4 सऱ्या." बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचे, घरी जाऊन झोपायचे. मोटर आणि सोसायटी आज काढायची नाही. "चारच?" ते म्हणाले. "चारच. पाचवी केलीत तर आम्ही रागावू." ते पहिल्यांदा हसले.

रोज 4 म्हणजे 12 दिवस. मधे डबल पाळीमुळे एक दिवस बुडाला. सहाव्या दिवशी त्यांनी आपण होऊन विचारले, "मोटरीचं आता बघू का?" बुडखे उंच राहिले तर वरच्या डोळ्यांचे फुटवे येतात आणि ते कमजोर निघतात, म्हणून छाटणी टाळू नये. पाचटावर टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे जिवाणू टाकले. एकरी तीन-चार टन पाचट निघते. पेटवले असते तर त्यातला कर्ब आणि नत्र धुरात गेले असते. शेजाऱ्याच्या विहिरीवरून हलके पाणी दिले. पहारीने खताचा पहिला हप्ता पंधरा दिवसांत द्यायचा असतो, त्याला चार-पाच दिवस उशीर झाला. झाला तर झाला.

सऱ्या मोजून कर्ज फिटत नाही, हे आम्हालाही कळते. सोसायटीचे हप्ते पाडून घ्यायला त्यांना दोन खेपा कराव्या लागल्या. पण त्या खेपा करायला माणूस बांधावरून उठावा तर लागतो! ज्यांच्याकडून तेही होत नसेल, झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील, त्यांनी डॉक्टरांना दाखवावे. टेलिमानसचा 14416 हा सरकारी फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. त्यात कमीपणा नाही. वहिनी ऑफिसला आल्या तसे घरच्यांनीही यावे.

खोडवा 15 फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या उसाचाच ठेवावा. पहारीचा दुसरा हप्ता 135 दिवसांनी येतो, त्याची आत्ता काळजी नको.

यंदा ते पत्रक आम्ही चार चिठ्ठ्यांत छापून घेतले आहे. पहिली चिठ्ठी तोडणी संपेल त्या दिवशी स्लिपबॉय रानात आणून देईल. दुसरी मागितल्याशिवाय द्यायची नाही, अशी त्याला ताकीद आहे.