डब्यातली भाकरी

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. विठोबाच्या जागी विद्या घातली तरी ती खोटी ठरत नाही. दुपारच्या सुट्टीत ज्याचे पोट भरले नाही, त्या मुलाला शेवटच्या तासाचे गणित कोठून उमगणार? म्हणून शाळकरी मुलाचा डबा हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही.

माझा धाकटा भाऊ चौथीत आहे. सोलापूर जिल्ह्यातील आमच्या खेड्यातून तो तालुक्याच्या गावी शाळेला जातो. शाळा विनाअनुदानित असल्याने तेथे शासनाचा पोषण आहार मिळत नाही. डबा घरूनच न्यावा लागतो. गेल्या वर्षी हा डबा संध्याकाळी तसाच परत येऊ लागला. “पोराला माझ्या हातची भाकर गोड लागंना का गं?” आईने मला विचारले. मला कारण ठाऊक होते. बाकीच्यांच्या डब्यात बिस्किटे, नूडल्स. याच्या डब्यात भाकरी. मीसुद्धा पाचवीत असताना झाकणाच्या आड लपवूनच भाकरी खाल्ली आहे. आईला ते कधी सांगितले नव्हते.

भाकरी खरोखरच कमी प्रतीची आहे काय, हे मी पडताळून पाहिले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांना शिजवलेलेच अन्न द्यावे, असा आदेश दिला. या योजनेप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० किलोकॅलरी उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावी लागतात. आता आईचा डबा पाहा. दोन लहान भाकऱ्यांना साधारण १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते. त्यात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांच्या चटणीतून आणखी ६ ग्रॅम मिळतात. दोन्ही मिळून उष्मांकही साडेचारशेच्या वर जातात. उणीव राहते ती भाजीची. तेवढी मात्र भरून काढली पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी असतो, तर डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर उसळ किंवा वरण खाण्याची आपली जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे.

तेव्हा दोष पदार्थात नव्हता. मुलाला डबा उघडताना मौज वाटत नव्हती, एवढेच. आईने व मी मिळून आठवड्याचा बेत ठरवला. सोमवारी पापडासारखी मोडणारी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गाजर-काकडीच्या फोडी. मंगळवारी मेथी व तीळ घातलेली, वाटीने कापून छोटी केलेली धपाटी. बुधवारी मोड आलेल्या मटकीची भेळ. मटकी वाफवून घ्यावी, वर कांदा-टोमॅटो घालून लिंबू पिळावे. मोड आल्याने कडधान्य पचायला हलके होते, तर लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे त्यातील लोह अंगी लागते. गुरुवारी शेंगदाण्याचा कूट व गूळ भरलेली शेंगापोळी आणि सोबत पेरूची फोड. शुक्रवारी भाकरी कुस्करून, भाज्या घालून केलेली फोडणीची भाकरी. पदार्थ गरम असताना झाकण लावू नये. वाफ धरून तो लिबलिबीत होतो व लवकर आंबतो. सकाळच्या चहाऐवजी दूध द्यावे, कारण चहामुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही.

तिसऱ्या आठवड्यात भाऊ म्हणाला, “ताई, सोमवारी कडक भाकरी जास्त दे, पोरं मागतात.” त्या रात्री मी आईला झाकणाची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “आधी सांगायचंस की गं.”

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. शिकले म्हणून आईला चार गोष्टी शिकवाव्यात, असा माझा समज होता. पण आकडेमोड करून मी जेथे पोचले, तेथे ती चुलीपुढे बसून कधीच पोचली होती. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. वर्गात एखादे मूल झाकणाआड जेवताना दिसले, तर त्याच्या शेजारी बसून त्याच्या भाकरीतला एक घास जरूर मागून घ्यावा.