एक ठेका, दोन नाच

‘घायल’ची गाणी ज्यांच्या कानांवर आहेत, त्यांना लांबाडाची चाल वेगळी ऐकवायला नको. १९९० सालच्या त्या सिनेमात बप्पी लाहिरींनी ती काओमा या फ्रान्समधल्या बँडच्या आदल्या वर्षीच्या रेकॉर्डवरून उचलली. पण काओमाचाही माल चोरीचाच. मूळ चाल बोलिव्हियातल्या लोस क्यार्कास या मंडळींची, १९८१ सालची. त्यांनी दावा लावला आणि जिंकलाही.

आज मुंबई-पुण्यात शनिवार-रविवारी साल्सा-बचाताच्या जोडीला ब्राझीलचा झूक आणि अंगोलाचा किझोंबा शिकवतात, त्यांचा इतिहासही असाच देवघेवीचा. गंमत अशी की ज्या संगीतामुळे हे दोन्ही नाच आजच्या रूपात आले, ते ना ब्राझीलचं, ना अंगोलाचं. ते कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांचं.

सत्तरच्या दशकात या बेटांवर पाहुण्यांची चलती होती. हैतीचं कोंपा आणि शेजारच्या डॉमिनिकाचं कॅडन्स यांवर लोक नाचत, आणि घरचं संगीत कोपऱ्यात. ग्वोका हे ग्वादलूपचं ढोलवादन गुलामांनी जपलेलं. प्रतिष्ठितांच्या घरात त्याला जागा नव्हती. (२०१४ साली युनेस्कोने त्याला मानवतेचा वारसा ठरवलं. प्रतिष्ठा आली, पण सावकाश.) प्येर-एदुआर देसिम्यूस या ग्वादलूपच्या वादकाच्या डोक्यात आलं की हाच ढोल पायाशी घेऊन आधुनिक बँड उभारावा. जाकोब देवारियू हा गिटारवाला त्याला पॅरिसमध्ये भेटला आणि १९७९ साली कासाव बँड जन्मला. पुढे मार्टिनिकची जोसलिन बेरोआर आणि इतर गायक-वादक येऊन मिळाले. पॅरिसच्या स्टुडिओतले सिंथेसायझर, ब्रासचे फटकारे, खाली बेटांवरचे ढोल, आणि भाषा मात्र क्रेओल, फ्रेंच नव्हे. १९८४ साली ‘झूक हेच आमचं एकमेव औषध’ अशा अर्थाचं त्यांचं गाणं गाजलं आणि बेटांवरच्या रात्रीच्या पार्ट्यांचं नाव या संगीताला कायमचं चिकटलं.

या संगीताच्या ठेक्याकडे जरा जवळून पाहू. आठ मात्रा घ्या आणि त्यांचे तीन-तीन-दोन असे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या मात्रेवर टाळी द्या आणि पायाने मात्र सरळ चार समान ठोके चालू ठेवा. टाळी आणि पाय दोनदा भेटतात, एकदा चुकतात. त्या चुकण्यातच सगळी गंमत आहे. शरीर आपोआप डुलायला लागतं. मूळ बेटांवर यावर जोडीने नाचतात ते अगदी साधं, जागच्या जागी डुलत. त्याचा क्लास काढावा असं तिथे कुणाला फारसं वाटलं नाही.

ब्राझीलमध्ये वेगळंच घडलं. लांबाडा हा उत्तरेकडच्या पारा राज्यातला नाच पुढे बाहियाच्या पोर्तु सेगुरु या किनाऱ्यावरच्या गावात फोफावला आणि काओमाच्या गाण्याने जगभर पोचला. पण साथ जितक्या झपाट्याने आली तितक्याच झपाट्याने ओसरली. नव्वदीच्या सुरुवातीला लांबाडाच्या नव्या रेकॉर्ड निघणं जवळपास थांबलं, नाचणारे मात्र उरले. त्यांनी कॅरिबियन झूकच्या रेकॉर्ड लावल्या. ठेका जुळत होता, पण लय संथ. मग रिओत आदिलिओ पोर्तू आणि रेनाता पेसान्या यांच्यासारख्या शिक्षकांनी नाचही संथ केला. एक लांब पाऊल, दोन आखूड; मणक्यातून जाणारी लाट, आणि बाईच्या मानेचे ते गोल फेरे, ज्यात मोकळे केस हवेत चक्कर मारतात. क्लासमध्ये ‘झूक’ म्हणून शिकवतात तो बहुधा हाच ब्राझिलियन झूक. मानेचे फेरे नवख्याने पहिल्याच महिन्यात घेऊ नयेत, हे चांगला शिक्षक आधी सांगतो.

अंगोलात गोष्ट निराळी. तिथेही नाच आधीपासून होता. सेंबा लुआंडाच्या अंगणांतून, लग्नाकार्यांतून जोडीने नाचला जायचा. १९७५ साली पोर्तुगीज गेले आणि यादवी युद्ध सुरू झालं, ते २००२ पर्यंत चाललं. ऐंशीच्या दशकात लुआंडात रात्री संचारबंदी असे. पार्टीला गेलेला माणूस मध्यरात्री घरी परतू शकत नसे, त्यामुळे पार्टी पहाटेपर्यंत चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याच काळात कासावच्या रेकॉर्ड आल्या, कासाव स्वतः लुआंडात येऊन गाऊन गेलं, आणि कीबोर्ड नि ड्रम मशीन घेतलेल्या स्थानिक तरुणांनी सेंबा आणि झूक यांची सांगड घातली. त्यातलं ठळक नाव एदुआर्दो पाईम याचं. किझोंबाचं जनकत्व बहुतेक जण त्यालाच देतात. केप वर्देचे लोक यावर नाक मुरडतात, कारण त्यांचाही झूकशी घरोबा तितकाच जुना. माझ्या मते संगीतात केप वर्देचा वाटा मोठा आहे, पण नाचाची चाल अंगोलाची.

किझोंबात हातांना फारसं काम नाही. छातीला छाती टेकलेली, गुडघे सैल, आणि प्रत्येक पावलाला सगळं वजन एकाच पायावर. पुरुष वळायचं ठरवतो ते धडाने, आणि बाईला ते हाताच्या खुणेशिवाय कळतं. बाहेरून पाहणाऱ्याला दोघं नुसती चालताहेत असं वाटतं. मिठीमुळे युरोपातल्या जाहिरातवाल्यांनी याला ‘जगातला सर्वांत मादक नाच’ करून टाकलं, हे मला साफ नापसंत आहे. लुआंडात घरच्या समारंभात नातू आजीबरोबर नाचतो तो हाच नाच.

युद्धामुळे अंगोलातली माणसं लिस्बनला गेली, किझोंबाही गेला. तिथल्या आफ्रिकन क्लबांत तो बरीच वर्षं आपल्याच लोकांत होता. मग साल्सावाल्यांना तो सापडला आणि या शतकात युरोपभर त्याचे महोत्सव भरू लागले. पॅरिसच्या तरुणांनी मिठी सैल केली, पावलं सरळ रेषेत आणली, संगीतात आर-अँड-बी आणि इलेक्ट्रॉनिक मिसळलं. अंगोलाच्या शिक्षकांनी आक्षेप घेतला की हा आमचा नाच नव्हे, नाव तरी बदला. वाद बराच रंगला आणि ‘अर्बन किझ’ हे वेगळं नाव रूढ झालं. आक्षेप रास्तच होता. नाच बदलायला हरकत नाही, पण पाटी जुनीच ठेवून नवं विकू नये.

देवारियू २०२१च्या जुलैत ग्वादलूपमध्ये कोविडने गेला. कासावची गाणी मात्र लुआंडात, केप वर्देच्या प्रायामध्ये आणि पॅरिसमध्ये अजून लागतात. तुम्हाला शिकायचंच असेल तर क्लासची फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: ‘झूक’ म्हणजे ब्राझीलचा ना, आणि ‘किझोंबा’ म्हणजे अंगोलाचा की पॅरिसचा? उत्तर देताना शिक्षक अडखळला, तर दुसरा क्लास बघा.