आधी जाळं, मग कोळी

दसरा उलटला की घरोघरी जळमटं काढायला कुंचे बाहेर निघतात. नेमका हाच काळ कोळी बघायचा. पावसाळाभर किडे खाऊन बऱ्याच माद्या आता पूर्ण वाढलेल्या असतात आणि जाळी ऐसपैस. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर उतरणारे पर्यटक तसेच बसने अजिंठा लेण्यांकडे जातात. ज्याला सवड आहे त्याने एक सकाळ इथल्या बांधांवर आणि परसात काढावी.

नवख्याला घाई असते ती नावाची. माझं सांगणं, आधी जाळं बघा. दवाने भिजलेल्या गवतावर पसरट जाळं आणि एका कडेला नरसाळ्यासारखं भोक दिसलं, तर आत हिप्पासा दबा धरून असतो. गोल जाळ्याच्या मधोमध कचऱ्याची उभी रेघ असेल, तर त्या कचऱ्यात सायक्लोसा शोधा. संध्याकाळी विणलेलं गोल जाळं सकाळी गायब झालं, तर ते बहुधा नेओस्कोनाचं. तिच्या कितीतरी जाती पहाटे जुना धागा खाऊन टाकतात. भिंतीवर जाळं न विणता फिरणारा, वळून आपल्याकडे बघणारा कोळी उड्या मारणाऱ्यांपैकी. त्याचे समोरचे दोन डोळे चांगले मोठे असतात.

पण थांबून बघावी ती आर्जिओपी अनासुजा, म्हणजे सिग्नेचर स्पायडर. झुडपात कमरेएवढ्या उंचीवर जाळ्याच्या मध्यभागी ती डोकं खाली करून बसते. पोटावर पिवळे-रुपेरी पट्टे. आठ पाय दोन-दोनच्या जोड्यांनी जुळवलेले, त्यामुळे लांबून चारच वाटतात. प्रत्येक जोडीच्या रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी जाड पट्टी असते. कधी चार, कधी एकच, कधी एकही नाही. ही पट्टी किडे ओढून घेण्यासाठी की पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. नाकतोडा अडकला की ती धावते आणि मागच्या पायांनी रेशमाचे पदर फेकत त्याला गुंडाळून टाकते. चावा त्यानंतर. जाळ्याच्या कडेला तपकिरी, अगदी लहानसा कोळी दिसला, तर तो बहुधा नर.

रात्री टॉर्च कपाळाशी धरून बांधावर उजेड टाका. गवतात हिरवट ठिपके लुकलुकतील; ते लांडगा कोळ्यांचे डोळे.

फोटो काढताना पाठ, पोट, समोरचा चेहरा आणि जाळं, असे चारही घ्या. कोळी हातात धरू नका. तरीही बहुतेकदा कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंतच पोहोचता येतं. पुढची नेमकी जात ठरते ती प्रौढ कोळ्याच्या जननेंद्रियांवरून, सूक्ष्मदर्शकाखाली. पिल्लावरून जात सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रात काम केलेल्या बी. के. टिकादारांनी भारतीय कोळ्यांवर ग्रंथ लिहिले, ते अशाच बारीक निरीक्षणावर. त्यातही काम संपलेलं नाही. 26/11 च्या हल्ल्यात शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या नावाची ‘इसियस तुकारामी’ ही नवी जात 2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून नोंदवली गेली.

फर्दापूरच्या आसपास कपाशी आहेच. तिच्या पानांवर हिरवागार, पायांवर काटेरी केस असलेला प्यूसेशिया शोधा. तो जाळं विणत नाही, किड्यावर झेप घेतो. मादी अंड्यांच्या पिशवीवर पाय पसरून राखण करत असेल, तर झाडाला खूण बांधा आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत अधूनमधून बघायला जा.