घरातून कार्यालयापर्यंतचा सुरक्षित मार्ग : व्हीपीएन

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि अनेकांचे कार्यालय घरातच आले. टाळेबंदी संपली, तरी आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी कायम राहिली. बँकेत वा विमा कंपनीत काम करणारी आपली मुलेमुली सकाळी संगणक उघडताच प्रथम ‘व्हीपीएन’ जोडतात. हा शब्द आता घरातील वडीलधाऱ्यांच्याही कानांवर पडू लागला आहे. व्हीपीएन कशाचे रक्षण करते आणि कशाचे नाही, हे ठाऊक असणे मात्र आवश्यक आहे. म्हणून या विषयाची थोडक्यात ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, अर्थात आभासी खासगी जाळे. पूर्वी मोठ्या संस्था आपल्या दोन कार्यालयांदरम्यान स्वतंत्र तार भाड्याने घेत असत. ती सुरक्षित होती, पण अतिशय महागही होती. इंटरनेट स्वस्त झाले, परंतु तो सार्वजनिक रस्ता आहे. या सार्वजनिक रस्त्यावरूनच खासगी वाहतूक कशी करावी, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे व्हीपीएन.

त्याचे कार्य असे चालते. घरचा संगणक आणि कार्यालयाचा सर्व्हर प्रथम एकमेकांची ओळख पटवून घेतात व एक गुप्त किल्ली ठरवतात. त्यानंतर संगणकातून निघणारी माहिती त्या किल्लीने कूटबद्ध होते आणि दुसऱ्या पाकिटात घातली जाते. बाहेरच्या पाकिटावर फक्त कार्यालयाच्या सर्व्हरचा पत्ता असतो. वाटेत कोणी ते पाकीट अडवले, तर पत्ता दिसतो, मजकूर कळत नाही. कार्यालयात पोहोचल्यावर पाकीट उघडले जाते आणि आपण जणू तेथल्याच मेजावर बसून काम करू शकतो.

या गरजेतूनच ‘ओपनव्हीपीएन’ ही प्रणाली जन्मास आली. जेम्स योनान हे संगणकतज्ज्ञ मध्य आशियात प्रवास करीत असताना आपले काम दुरून करीत होते. आपली माहिती कोणकोणत्या देशांतील अनोळखी जाळ्यांतून जात आहे, ही चिंता त्यांना भेडसावू लागली. २००१ मध्ये त्यांनी ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. पुढे आलेली ‘वायरगार्ड’ ही अधिक सुटसुटीत प्रणाली मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली.

रस्ता सुरक्षित झाला म्हणून दारही सुरक्षित झाले, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीच्या संगणकांत २०२१ मध्ये चोर शिरले, ते व्हीपीएनच्याच वाटेने. वापरात नसलेले एक जुने खाते बंद करावयाचे राहून गेले होते आणि त्याला केवळ पासवर्डचे कुलूप होते. तो पासवर्ड सोपा नव्हता, असे कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटपुढे सांगितले. परंतु ओळख पटवण्याची दुसरी पायरीच तेथे नव्हती. ७ मे रोजी वाहिनी बंद करावी लागली, पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजली.

दुसरा धोका फुकट मिळणाऱ्या व्हीपीएनचा. येथे आपली माहिती कार्यालयाऐवजी त्या सेवा देणाऱ्या कंपनीच्या हातून जाते. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेले ‘ओनावो’ हे ॲप संरक्षणाचे आश्वासन देत असे. प्रत्यक्षात वापरकर्त्यांच्या सवयींची माहिती व्यवसायासाठी गोळा होत होती. याबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२३ मध्ये २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

आपल्या देशात व्हीपीएन वापरण्यास सरसकट बंदी नाही. तथापि, सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सर्वसामान्यांना ही सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आदी तपशील ५ वर्षे जतन करावयाचे आहेत. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नियम लागू नाही, असेही पुढे स्पष्ट करण्यात आले. त्या वर्षी काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हलवले.

वाचकांनी पुढील पथ्ये पाळावीत, असे आम्ही सुचवतो. कार्यालयाने दिलेले व्हीपीएनच कामासाठी वापरावे. पासवर्डसोबत मोबाइलवरील संकेतांकाची दुसरी पायरी सुरू ठेवावी आणि तो संकेतांक कोणालाही, अगदी कार्यालयातून बोलतो असे सांगणाऱ्यालाही, देऊ नये. कामाच्या संगणकावर घरातील मुलांना खेळ उतरवू देऊ नयेत. कारण संगणकात शिरलेला विषाणू त्याच सुरक्षित मार्गाने कार्यालयात पोहोचू शकतो. प्रणालीची नवी आवृत्ती आली की ती विनाविलंब घ्यावी. छोट्या संस्था व पतपेढ्यांच्या चालकांनी नोकरी सोडून गेलेल्या व्यक्तीचे खाते त्याच दिवशी बंद करावे. त्याला काही मिनिटे पुरतात, आणि सभासदांच्या ठेवींची माहिती त्यावर अवलंबून असते.