सूरदासांची पदे किती?

फरीदाबादमधील सीही हे सूरदासांचे जन्मगाव मानले जाते. आधार वल्लभ संप्रदायातील हरिरायांच्या टीकेचा. आग्र्याजवळच्या रुणकत्याचाही दावा आहे. विद्यापीठीय संशोधकांनी मात्र गावापेक्षा पदांचाच कसून शोध घेतला, आणि ते योग्यच झाले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या ‘सूरसागर’मध्ये जवळपास पाच हजार पदे आहेत. केनेथ ब्रायंट यांनी जुनी हस्तलिखिते ताडून पाहिली. त्यांतले सर्वांत जुने, फतेहपूरचे, १५८२ सालचे. सोळाव्या शतकात प्रचलित असलेली ४३३ पदे त्यांच्या संहितेत आहेत. जॉन स्ट्रॅटन हॉली यांच्या अनुवादासह ती २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. उरलेल्यांपैकी बरीच पदे नंतरच्या भक्तकवींनी ‘सूर’ ही नाममुद्रा घालून रचली. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा याचे अभंग मिसळल्याने मराठी अभ्यासकांपुढेही हाच पेच आला.