गोळी पोटात, हिशेब लघवीत

लातूरहून बार्शीकडे जाताना लागणारं मुरुड (जंजिऱ्याजवळचं ते वेगळं). तिथल्या एका घरात विशीतला नातू आणि ऐंशीचे आजोबा, दोघांना डॉक्टरांनी एकाच रात्री ५ मिलिग्रॅम डायझेपाम दिली असं धरा. डायझेपाम म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडची झोपेची गोळी, 'काम्पोज'. नातवाच्या रक्तातली गोळी निम्मी व्हायला साधारण २० तास लागतील, आजोबांच्या रक्तातली निम्मी व्हायला ९० तासांच्या आसपास! संशोधक उलरिख क्लोट्झ आणि सहकाऱ्यांनी हे १९७५ साली मोजून दाखवलं. वयाची जितकी वर्षं, ढोबळमानाने तितके तास. निसर्गाचं गणित इतकं सरळ क्वचितच येतं. गंमत म्हणजे यात म्हातारं यकृत थकतं हा मुख्य मुद्दाच नाही. वयाबरोबर शरीरात चरबीचा वाटा वाढतो, आणि हे औषध चरबीत मुरून बसतं.

आता लघवीकडे वळू. तिथे सापडते ती मूळ गोळी जवळजवळ नसतेच. यकृत डायझेपामचं नॉरडायझेपाम करतं, त्याचं पुढे ऑक्झेपाम; दुसऱ्या वाटेने टेमाझेपाम होऊन तेही ऑक्झेपामवरच येतं. ही नावं औषधांच्या खोक्यांवरही छापलेली असतात. कंपन्या वेगवेगळी विकतात ती औषधं आपलं यकृत एकाच गोळीतून, फुकट, तयार करतं! शेवटी त्यांना साखरेपासून बनलेलं एक आम्ल चिकटवलं जातं, म्हणजे ती पाण्यात विरघळतात आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतात. यातलं नॉरडायझेपाम फार चिवट. मूळ गोळी संपली तरी ते मागे रेंगाळतं.

म्हणून 'झोपेची गोळी लघवीत किती दिवस दिसते' या प्रश्नाला एक उत्तर नाही. डायझेपामच्याच कुळातलं मिडाझोलाम एक-दोन दिवसांत निघून जातं. अल्प्राझोलाम, लोराझेपाम थोडे दिवस दिसतात. डायझेपामचा एखादाच डोस आठवडा-दहा दिवस माग सोडू शकतो, आणि महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्याच्या लघवीत शेवटच्या गोळीनंतर महिनाभर, कधी त्याहूनही जास्त.

लघवी तपासायची पट्टीची चाचणी २०० किंवा ३०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला रेघ ओढते. २०० म्हणजे किती? ५ मिलिग्रॅमची एक गोळी २५ लिटर पाण्यात विरघळवली तर जेवढं प्रमाण होईल तेवढं. ही करामत प्रतिपिंडांची. पण बऱ्याच पट्ट्यांवरची प्रतिपिंडं ऑक्झेपामच्या मापाने घडवलेली असतात; दुसरी किल्ली त्या कुलुपात नीट बसत नाही. त्यामुळे आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जाणारं क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम घेऊनही पट्टी 'निगेटिव्ह' म्हणू शकते. उलट नैराश्यावरच्या सर्ट्रालिनमुळे, झोपेची गोळी न घेताही, ती 'पॉझिटिव्ह' दिसल्याची उदाहरणं आहेत. खरा निवाडा वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरचा. माझ्या मते नोकरीचा किंवा खटल्याचा निर्णय नुसत्या पट्टीवर घेणं हा अन्यायच.

आणि न घेतलेली गोळीही लघवीत सापडू शकते, खरीखुरी. नांदेडच्या सीमेपलीकडे तेलंगणात शिंदीत अल्प्राझोलाम, डायझेपाम मिसळण्याचा धंदा जुना आहे. २०१५ मध्ये निजामाबाद, महबूबनगर भागात ही भेसळीची शिंदी अचानक बंद झाली, तेव्हा हातपाय थरथरणारे, भास होणारे, झटके येणारे लोक दवाखान्यांत दाखल झाले. ते आपल्या समजुतीप्रमाणे झाडाचा रस पीत होते. शरीर मात्र गोळीला सरावलं होतं.

याहून थक्क करणारी गोष्ट १९८६ची. रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाखच्या प्रयोगशाळेतून आलेलं डायझेपामच्या कुळातलं पहिलं औषध, लिब्रियम, बाजारात आलं १९६० साली. पण १९४० पासून जपून ठेवलेल्या मानवी मेंदूंच्या तुकड्यांतही संशोधकांना याच कुळासारखे रेणू आढळले. पुढे गव्हात आणि बटाट्यातही नॉरडायझेपामचा अंश सापडला. अर्थात इतका अत्यल्प, की पोळीभाजी खाऊन कुणाची चाचणी पॉझिटिव्ह येणार नाही.

तुमच्या घरात कुणी रोज झोपेची अशी गोळी घेत असेल, तर लघवीची चाचणी किंवा ऑपरेशन याआधी चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. आणि अहवाल स्वच्छ यावा म्हणून गोळी एकदम बंद करू नका. झटके येऊन जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, हळूहळू कमी करायची असते.